आमची गाडी, आमची घोडी आणि पांदणीचा चिखल



'आमची नवीन गाडी' हा निबंध आपण दरवर्षी चौथीच्या मुलांकडून लिहून घेतो. मुलं गाडीचा रंग लिहितात, पूजा केली, पेढे वाटले असं लिहितात. यावर्षी माझ्याच घरी गाडी आली, तेव्हा म्हटलं हा निबंध आपणच लिहून पाहावा. गाडी घरी येण्याआधी काय झालं, तेही त्यात यायला पाहिजे.

मी जानेफळचा. नोकरी जिल्हा परिषद शाळेत, घरून अकरा किलोमीटरवर. वडिलांची शेती आणि वरातीच्या घोड्या. पंचक्रोशीत नवरदेव घोडीवर बसला की ती बहुतेक आमची असायची. मोठी घोडी चंद्री आणि तिची तीन वर्षांची शिंगरी राणी. तबेला शेतातच, कारण गावात जागा नाही. डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंत दीड किलोमीटरची पांदण. आमच्या भागातली काळी जमीन ज्यांनी पाहिली त्यांना पुढचं सांगायला नको. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते, की चार फेऱ्यांत टायरची नक्षी बुजून चाक गुळगुळीत होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्री नऊला चंद्रीचं पोट दुखायला लागलं. पाय आपटायची, मान वळवून कुशीकडे पाहायची, खाली बसून लोळायची. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात जे अडकतं ते अडकतंच. बाबा तिला दोर धरून फिरवत राहिले. मी फोन केला, डॉक्टर लगेच निघाले, पण त्यांची गाडी पांदणीच्या तोंडाशीच रुतली. माझी जुनी कार तर आत घालायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर बॅग डोक्यावर घेऊन चिखलातून चालत आले. तोवर दोन तास गेले होते. पहाटे चंद्री गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आलो असतो तरी खात्री नव्हती. ते खरंही असेल. पण बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि मीही गाडीचा विषय काढला नाही.

दिवाळीनंतर बाबाच म्हणाले, "मास्तर, गाडी घ्याची असन तं चिखलात चालन अशी घे. नाहीतं घेऊच नको."

मग सुरू झाला अभ्यास. एका शोरूममध्ये मी विचारलं की फोर-व्हील-ड्राइव्ह दाखवा. विक्रेत्यानं आधी सनरूफ दाखवलं! घरी येऊन ठरवलं की आता आपण आपल्या वर्गातच शिकू.

मैदानावर चार मुलांना एका लांब काठीला धरून रांगेत उभं केलं आणि गोल फिरायला लावलं. आतला मुलगा जागच्या जागी पावलं टाकत होता, बाहेरचा पळून पळून दमला. गाडी वळते तेव्हा चाकांचं हेच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, म्हणून दोन चाकांच्या मधे डिफरेन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळं फिरू देतं. पण त्याची एक खोड आहे. एक चाक चिखलात गेलं की तेच सोपं चाक गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं चाक नुसतं उभं राहतं. दोन चाकांना ओढ असलेली गाडी इथेच फसते. चारही चाकांना ओढ दिली की पुढचा आस ओढायला मदत करतो. सोबत 'लो' गिअर असेल तर गाडी हळू पण जोरात ओढते, अगदी उतारावर बैल जसा पाय रोवून चालतो तशी.

दुसऱ्या दिवशी मुलांनी पट्टी घेऊन पांदणीतली चाकोरी मोजली. सगळ्यात खोल जागी 19 सेंटिमीटर भरली. मग फळ्यावर गाड्यांच्या पोटाखालची उंची लिहिली: बोलेरो 180 मिलिमीटर, जिम्नी 210, थार 226. मिलिमीटरचं सेंटिमीटर करा म्हटलं, तर न सांगता सगळ्यांनी केलं. एवढ्या उत्साहानं एककांचं रूपांतर माझ्या वर्गात कधी झालं नव्हतं. मागून एकानं विचारलं, "सर, मंग बैलगाडीच काहून घेत नाही?" उत्तर मला सुचलं नाही. बैलगाडीची उंची या सगळ्यांपेक्षा जास्तच आहे!

आता घरचं गणित. आम्ही सहा जण. जिम्नीत आणि तीन दारांच्या थारमध्ये चारच माणसं बसतात, म्हणजे आई-बाबांना घरी ठेवायचं. थार रॉक्समध्ये पाच. बोलेरोत सात जण बसतात, गावोगाव मेकॅनिक आहे, पण नवीन बोलेरोला ओढ मागच्या चाकांनाच. बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलला मागचं डिफरेन्शियल आपोआप लॉक होतं, म्हणजे वरची खोड बरीचशी जाते. माझा जीव तिच्यावर अडकला होता, खोटं कशाला बोलू. स्कॉर्पिओ-एन फोर-बाय-फोर सगळ्यात बसणारी, पण रस्त्यावर येईपर्यंत वीस लाखांच्या वर. शिक्षकाच्या पगारात ते हप्ते म्हणजे मुलांच्या शिक्षणाला हात.

घोडी ओढून न्यायला मोठी गाडी लागेल असं मला वाटायचं. बाबांनी तो भ्रम मोडला. आपल्याकडे घोडी ट्रेलरमध्ये जात नाही, पिकअपमध्ये उभी जाते, खाली गवत टाकून. सारंगखेड्याच्या यात्रेतही, तापीकाठी दत्तजयंतीला घोडे येतात ते अशाच गाड्यांमधून. लग्नसराईत पिकअप भाड्यानं मिळतो. आपल्याला लागते ती चारा, डॉक्टर आणि घरची माणसं नेणारी गाडी.

शेवटी जुनी, सात सीटची स्कॉर्पिओ फोर-बाय-फोर घेतली, डिझेल. पोटाखाली तिलाही 180 मिलिमीटरच. म्हणजे 19 सेंटिमीटरच्या चाकोरीत ती पोटावर बसणार आणि मग चारही चाकं फिरली तरी उपयोग नाही! म्हणून टायर बदलले आणि उरलेल्या पैशात मुरूम टाकून सगळ्यात खोल जागा भरल्या. पांदण रस्त्यासाठी शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे, ग्रामपंचायतीत अर्जही दिलाय. पण पाऊस अर्जासाठी थांबत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगतो. चालवून पाहताना फोर-व्हीलचं बटण प्रत्यक्ष चिखलात किंवा भुसभुशीत मातीत लावून पाहा, कारण वर्षानुवर्षे न वापरलेली ती यंत्रणा अडकून बसलेली असू शकते. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ते लावून वळू नका. अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसाच्या मधे डिफरेन्शियल नसतं, त्यामुळे वळताना गाडी आखडते आणि आतल्या भागांवर ताण येतो. काठीला धरून फिरलेल्या मुलांना हे लगेच पटलं. माझ्या मेहुण्याला पटवायला मात्र अर्धा तास लागला.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. राणीसाठी चारा न्यायचा होता. पांदणीच्या तोंडाशी बाबा म्हणाले, "थांब." खाली उतरले, धोतर खोचलं, काठीनं चिखल चाचपत पुढे चालू लागले. पूर्वी नवीन वाटेवर चंद्रीच्या पुढे चालायचे, अगदी तसेच. मी लो गिअर टाकला आणि त्यांच्या मागून हळूहळू गाडी घेतली. नाल्यापलीकडे पोचल्यावर त्यांनी मागे वळून गाडीच्या बोनेटवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "चाल."

मला वाटलं ते आत बसतील. पण तबेल्यापर्यंत ते तसेच पुढे चालत राहिले.