दुसरी बोली

हातात इस्पिकची एकुलती सत्ती, बदामाचे एक्का, राणी, अठ्ठी, चव्वी. चौकटचे राजा, राणी, नव्वी, छक्की, तिर्री. किलवरची राणी, नव्वी, पंजी. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन असे मोजले तर तेरा गुण. मी ‘एक चौकट’चं बोलीचं कार्ड टेबलावर ठेवलं. समोरून काकांनी ‘एक इस्पिक’ ठेवलं. डावे-उजवे पास. पुन्हा माझी पाळी आली आणि मी अडकले.

ब्रिज खेळायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. 2018 साली जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. ते वाचून वाटलं, मेंढीकोट आणि तीनशे चार खेळण्यात लहानपणच्या सुट्ट्या घालवलेल्या बाईला हे का जमू नये? सोसायटीतल्या काकांनी पार्टनर म्हणून घेतलं. ते चाळीस वर्षं खेळत होते. मला शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही, हे आमच्याकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यांवर दुर्मीळच.

पहिली बोली सोपी असते. बारा गुण असोत नाहीतर वीस, ‘एक चौकट’ म्हणून सुटता येतं. खरं काय ते दुसऱ्या बोलीत बोलावं लागतं, आणि तेही तोंड न उघडता. मला तो देखणा एक्का-राणीचा बदाम दाखवायचा होता. चौकट पाच पानांची असली तरी तीच पुन्हा बोलणं म्हणजे दारात उभं राहून ‘मीच आहे’ म्हणण्यासारखं वाटलं. मी ‘दोन बदाम’ ठेवलं.

काकांनी चष्मा सारखा केला आणि ‘तीन नो ट्रम्प’ म्हणाले, म्हणजे अर्थातच कार्ड ठेवलं. मी डमी, म्हणजे खेळ त्यांचा. माझी पानं उलगडून मांडली. त्यांनी एकदा वरून खाली पाहिलं, माझे तेरा गुण मोजले असणार, आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, “थँक यू, पार्टनर.” डमी कशीही निघाली तरी हे म्हणायचं असतं.

त्यांच्याकडे नऊ गुण होते. दोघांचे मिळून बावीस. नऊ हात करायचे, झाले सात. व्हल्नरेबल होतो, म्हणजे दंड दुप्पट; दोन कमी पडले, दोनशे गेले. दुसऱ्या टेबलांवर हाच डाव बहुतेकांनी दोन चौकट खेळून नव्वद कमावले होते.

चहाच्या वेळी त्यांनी कागदी रुमालावर बॉलपेनने जिना काढला: खाली किलवर, मग चौकट, बदाम, इस्पिक, सगळ्यात वर नो ट्रम्प. “तू चौकटवरून बदामावर चढलीस. मला चौकटच आवडत असेल तर मी कुठे जाऊ?”

“तीन चौकटवर.”

“म्हणजे सहा अधिक तीन, नऊ हात. ते करायला पानं तुझ्याकडे हवीत, निदान सतरा गुण. म्हणून मी तुझे सतरा धरले. माझे नऊ. सव्वीसला गेम बोलायचा नाही तर कधी?”

मग उलटं विचारलं: बदाम पाच, चौकट चार असते तर? मी ‘एक बदाम’ने उघडलं असतं, नंतर ‘दोन चौकट’. परत बदामावर यायला त्यांना दोनच्या पायरीवर थांबता आलं असतं. तेच तेरा गुण, तीच दोन चिन्हं, पण क्रम फिरला की अर्थ फिरतो. हे मला कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं. त्या चहाचे डाग पडलेल्या रुमालावरून कळलं. ‘एक नो ट्रम्प’ म्हटलं असतं तर? इस्पिकची एकच सत्ती असताना काकांना ते पटत नाही. तीन पानांवर ‘दोन किलवर’? तेही काहीजण बोलतात, काका नाही. त्यांच्या लेखी उत्तर एकच: दोन चौकट.

महिन्याभराने जवळजवळ तसाच डाव आला. इस्पिकचं एक पान, चौकटची पाच, बदामाची चार, बारा गुण. मी चौकट उघडली, त्यांनी इस्पिक म्हटलं. या वेळी हात न डळमळता ‘दोन चौकट’ ठेवलं. सगळे पास.

काकांनी पानं मांडली. इस्पिकची पाच आणि बदामाची चार. चार माझी, चार त्यांची. बदामात आठ हात समोर दिसत होते. चौकटचं त्यांचं एकच पान, तेही दुर्री.

“थँक यू, पार्टनर,” मी म्हणाले.

सात हात झाले. काकांनी शांतपणे वजा पन्नास लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, “पुन्हा असा हात आला तर दोन चौकटच म्हण हां. आता पुढचा बोर्ड काढ.”