एक तारीख, दोन तसबिरी

एक ऑगस्ट उजाडतो तेव्हा महाराष्ट्रात बहुधा आभाळ भरून आलेलं असतं. शाळेच्या ओल्या व्हरांड्यात चपलांचा ढीग, वर्गात दमट वास, टेबलावर धुतलेली चादर आणि तिच्यावर शेजारी शेजारी टेकवून ठेवलेल्या दोन तसबिरी. एक पगडीतली, करारी नजरेची. दुसरी बोडक्या डोक्याची, केस मागे वळवलेली. एकाची पुण्यतिथी, एकाची जयंती. हार मात्र एकाच टोपलीतले. तलाठ्याच्या दप्तरातही याच दिवशी नवं पान लागतं, कारण महसुली वर्ष १ ऑगस्टपासून मोजतात. जुनी बाकी पुढं ओढायची ती आजच.

लोकमान्य टिळक १९२० साली याच तारखेला गेले. मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर. थोडं आधी असतं तर कॅलेंडरनं त्यांना जुलैच्या पानावर नेलं असतं. अंत्ययात्रेला माणसांचा पूर लोटला, गांधीजींनी खांदा दिला आणि गिरगाव चौपाटीच्या वाळूत चिता रचली गेली. असहकाराची चळवळ सुरू होण्याचा दिवसही तोच ठरलेला होता. गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयला परत पाठवलं ते त्याच दिवशी. एका पुढाऱ्याची चिता जळत होती आणि दुसऱ्याचा लढा उभा राहत होता.

त्याच १ ऑगस्ट १९२०ला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात, भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं तुकाराम. पुढं सगळ्या महाराष्ट्रानं त्याला अण्णा भाऊ म्हटलं. मुंबईत लाखो माणसं हळहळत असताना त्या पोराच्या रडण्याची दखल पंचक्रोशीतही कुणी घेतली नसेल.

तारखा जुळतात तो योगायोग, हे मला मान्य आहे. पण योगायोगानं शेजारी आलेली माणसं एकमेकांना काय देणं लागतात, हे विचारणं आपल्या हातात आहे. या दोघांमधला हिशेब तर फारच जिवंत आहे.

२२ जुलै १९०८ला टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची सजा झाली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईतले गिरणी कामगार संपावर गेले. सहा वर्षांच्या सजेला सहा दिवसांचा संप, वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली, तरी संप मोडला नाही. दूर परदेशात राहणाऱ्या लेनिननं त्या संपाची नोंद घेतली, हिंदुस्थानातला कामगार राजकारणात उतरला म्हणून. केसरी ज्यांना धड वाचताही येत नव्हता, अशा माणसांनी केसरीच्या संपादकासाठी पोटाला चिमटा घेतला होता.

दहा वर्षांनी, मार्च १९१८मध्ये, मुंबईत अस्पृश्यता निवारणाची मोठी परिषद भरली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी ती घडवून आणली, अध्यक्ष होते सयाजीराव गायकवाड. टिळक तिथं गेले आणि कडाडून बोलले. देव जर अस्पृश्यता मानणार असेल तर त्याला मी देव मानणार नाही, अशा आशयाचं. मग जाहीरनामा पुढं आला. स्वतःच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही, असं वचन देणाऱ्यांनी खाली सही करायची होती. टिळकांनी सही केली नाही.

मंडालेचा तुरुंग सहा वर्षं सोसलेल्या माणसाला ती सही जड का गेली, या प्रश्नाशी मी दरवर्षी येऊन थांबतो. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्यानं उणावत नाही. पण ज्यांच्यासाठी ती सही होती त्यांच्यातलाच एक जीव, ते गेले त्याच तारखेला जन्माला आला, हेही नजरेआड करता येत नाही.

तो मुलगा शाळेत गेला अवघा दीड दिवस. बापाबरोबर पायी मुंबई गाठली आणि अक्षरं शिकला ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून. गिरणीत राबला, घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिला. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं, स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ घेऊन रान उठवलं. १९५९मध्ये ‘फकिरा’ कादंबरी आली. ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१मध्ये रशिया पाहून आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. ज्या कामगारांनी १९०८ साली टिळकांसाठी दगड हातात घेतले होते, त्यांच्याच वस्तीतून हा लेखक वर आला.

दोघांना एकत्र पाहिलं की आणखी एक गोष्ट ठळक होते. टिळकांनी घरातला गणपती चौकात आणला. अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणातून गणपतीलाच रजा दिली आणि त्या जागी मायभूमीला, हुतात्म्यांना मुजरा घातला. वाटा इतक्या उलट. तरी टिळकांनी ज्या शिवाजी महाराजांचा उत्सव उभा केला, ते महाराज अण्णा भाऊंच्या गणात मानानं उभे आहेत. चौकात जमलेल्या साध्या माणसाच्या अंगी राज्य हलवण्याचं बळ असतं, यावर दोघांचाही जीव तोडून विश्वास होता.

असं असून बऱ्याच गावांत हा दिवस अजून दोन तुकड्यांत जातो. सकाळी शाळेत किंवा वाचनालयात लोकमान्य, संध्याकाळी वस्तीत हलगी आणि अण्णा भाऊंची मिरवणूक. सकाळचे पाहुणे संध्याकाळी फिरकत नाहीत आणि हलगीवाल्यांना सकाळचं बोलावणं जात नाही.

मला वाटतं, सुरुवात लहान मुलांपासून व्हावी. मुलांच्या भाषणात टिळकांच्या लहानपणची शेंगांच्या टरफलांची गोष्ट हटकून येते. ती येऊ द्यावी. तिच्यामागोमाग भाषण करणाऱ्या त्याच मुलानं अण्णा भाऊंच्या दीड दिवसाच्या शाळेची गोष्ट सांगावी. न केलेल्या चुकीची शिक्षा मी भोगणार नाही, असं पहिल्या गोष्टीतला मुलगा मास्तरांना ठणकावून सांगू शकला, कारण वर्गातली त्याची जागा कुणी हिरावून घेणार नव्हतं. दुसऱ्यातल्याची शिक्षा जन्माआधीच ठरली होती आणि दाद मागायला त्याच्यापाशी वर्गच नव्हता. बाणेदारपणा शिकवताना ही तफावतही शिकवली, तर १९१८मध्ये कोरी राहिलेली ती सही आजची मुलं आपल्या वागण्यानं करतील. मागची बाकी फिटेल ती तशीच.