पाणी किती, ते तांदूळ सांगतो

अर्जुनी मोरगावला बदली झाली तेव्हा माझ्या सामानात ‘रुचिरा’ होतं. कमलाबाई ओगले यांचं हे १९७० चं पुस्तक. त्यातलं वाटी-चमच्याचं माप माझ्यासारख्या एकट्या मास्तराला सोयीचं पडलं. भाज्या, आमट्या त्यावर निभावल्या. भाताला मात्र पुस्तक पुरेना.

इथं धानाची कापणी वर्षातून दोनदा होते. खरिपाची दिवाळीच्या आगेमागे, आणि इटियाडोह धरणाचं पाणी पोचतं तिथं उन्हाळी धानाची मे महिन्यात. त्यामुळे घरात नवा आणि जुना तांदूळ शेजारीशेजारी असतो. घरमालकीण काकू दाणा दाताखाली फोडून पाहत. नव्या दाण्यात ओल असते, तो लवकर शिजतो आणि चिकटतो. वर्षभर मुरलेला कडक असतो, पाणी जास्त पितो, छान फुलतो. एकच एचएमटी जातीचा तांदूळ, पण डिसेंबरात वेगळा नि पावसाळ्यात वेगळा. मी वाटीनं पाणी घालायला लागलो की काकू हसत, “मोजून काहून टाकून राहिले गुरुजी? आधी तांदूळ पाहा न!”

त्यांची स्वतःची रीत आणखी सोपी. गंजात भरपूर पाणी उकळायचं, तांदूळ सोडायचा, शीत बोटांत दाबून पाहायचं, मधली कणी गेली की पसवायचं. पाणी मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. निघालेली पेज मीठ घालून प्यायची. कुकरनं ही पेज आपल्याकडून हिरावली, असं माझं मत आहे.

लाखोरीच्या भाजीचंही तसंच. उभ्या धानात बी फेकून घेतलेलं हे पीक; थंडीत त्याचे कोवळे शेंडे खुडतात. ते किती कोवळे, यावर शिजायचा वेळ ठरतो. लसूण, मिरची, मीठ, बस. यासाठी पुस्तक कशाला उघडायचं?

तरीही ‘रुचिरा’ मी टाकलं नाही. अनारसे, भाजणी, लोणचं यांत चूक उशिरा कळते आणि तोवर जिन्नस वाया गेलेला असतो. तिथं लिहिलेलं माप हवंच. रोजच्या भाताला नको. तुम्ही शहरात राहत असाल तर एवढं करा: तांदूळ घेताना कोणता एवढंच विचारू नका, कधीचा तेही विचारा.