पेडर रोडच्या चढणीवर

धावण्याच्या शर्यतीस जमलेल्या प्रेक्षकांत ज्याच्या हाती कॅमेरा असतो त्याची गत काही निराळीच होते. टाळ्या वाजवाव्यात तर हात गुंतलेले. ओरडून उत्तेजन द्यावे तर श्वास रोखून धरलेला. शेजारचा मनुष्य सारी शर्यत पाहून तृप्त मनाने घरी जातो आणि हा मात्र तिचे दोन-चारशे बारीक तुकडे खिशात घालून परततो. असे असूनही हा नाद सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मुंबईची मॅरेथॉन शर्यत 2004 साली सुरू झाली. जानेवारी महिन्यातील एका रविवारी पहाटेच्या अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हजारो माणसे धावत निघतात. 42 किलोमीटर 195 मीटर ही मजल पायी कापणे म्हणजे काय, हे आगगाडीने रोज जा-ये करणाऱ्या मुंबईकरास चटकन उमगत नाही. 2020 सालच्या 19 जानेवारीस ही शर्यत पाहण्यास मी माझ्या काकांबरोबर गेलो होतो. काकांनी उभे आयुष्य छायाचित्रे घेण्यात घालविले आहे. आम्ही गिरगावातून पायीच निघालो आणि बाबुलनाथावरून पुढे जाऊन, हाजीअलीकडून येणारा रस्ता जेथे पेडर रोडची चढण चढू लागतो तेथे पदपथाच्या कडेस जागा धरली.

जागेची निवड काकांची. शेवटच्या रेषेपाशी सर्वांचीच तोंडे हसरी असतात, असे त्यांचे म्हणणे. परतीच्या वाटेवर ही चढण येते तेव्हा धावणाऱ्यांच्या पायांत तीस-पस्तीस किलोमीटर मुरलेले असतात; ऊन चढू लागलेले असते आणि समुद्राकडचा दमट वारा अंगास चिकटतो. "माणूस पाहायचा तर चढणीवर पाहावा," ते म्हणाले. ऊन धावणाऱ्यांच्या तोंडावर पडत होते हे खरे. पण उंच इमारतींच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पसरल्या होत्या, आणि प्रत्येकजण क्षणात उजेडात तर क्षणात अंधारात शिरे. उजेडाचे मोजमाप करता करता माझी तारांबळ उडाली.

शास्त्र तसे सोपे आहे. आघाडीचा धावपटू सेकंदास सुमारे साडेपाच मीटर अंतर तोडतो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात तो नऊ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो आणि चित्र पुसट होते. पाचशेवा भाग ठेवला तर सरकणे एका सेंटिमीटरवर येते व आकृती रेखीव उमटते. मात्र हवेत पुढे फेकला जाणारा पाय देहाहून पुष्कळच जलद जातो, तर जमिनीस टेकलेला पाय त्या क्षणी अगदी स्थिर असतो! एकाच माणसाच्या दोन पायांत असा भेद असतो, हे मला कॅमेऱ्यानेच शिकविले.

आघाडीचे धावपटू आले आणि गेले. मला जेमतेम चार चित्रे मिळाली. त्या दिवशी पुरुषांत पहिला आला तो इथिओपियाचा देरारा हुरिसा. त्याने 2 तास 8 मिनिटे 9 सेकंदांत शर्यत संपविली व त्या शर्यतीचा तोवरचा विक्रम मोडला. पुढे वर्तमानपत्रांत वाचले की, प्रवासात त्याचे बूट हरवले होते आणि तो दुसऱ्याचे मागून घेतलेले बूट घालून धावला होता. मी माझे चित्र पुन्हा काढून पाहिले. बूट स्वच्छ दिसत होते, नाडीची गाठसुद्धा दिसत होती. परंतु ते उसने आहेत हे कोणते भिंग सांगणार?

आघाडी निघून गेल्यावर बराच वेळ काकांशी बोलणे झाले. मी विचारले, "काका, कोणी कोसळला तर चित्र घ्यावे की नाही?" त्यांनी मला दोन जुनी छायाचित्रे आठवावयास सांगितली. पहिले 1908 सालच्या लंडन ऑलिंपिकचे. इटलीचा दोरांदो पिएत्री अंतिम रेषेजवळ पुनःपुन्हा पडला. अधिकाऱ्यांस दया आली, त्यांनी त्यास उठवून रेषेपार नेले, आणि त्या मदतीमुळेच तो बाद ठरला. दुसरे बोस्टनचे, 1967 सालचे. त्या काळी त्या शर्यतीत स्त्रियांना घेत नसत. कॅथरीन स्वित्झर हिने के. व्ही. स्वित्झर एवढ्याच नावाने नोंद केली होती. ती धावत असता शर्यतीचा एक अधिकारी तिच्या अंगावर धावला व तिचा क्रमांक ओढू लागला. जवळच असलेल्या वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो प्रसंग टिपला. तिने शर्यत पुरी केली आणि ती चित्रे जगभर गेली. 1972 साली बोस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला.

"तेथे कॅमेरा खाली ठेवणे हा अपराध झाला असता," काका म्हणाले. "पण प्रत्येक कोसळणारा मनुष्य म्हणजे बोस्टन नव्हे. ज्याच्यावर अन्याय होतो त्यास साक्षीदार हवा असतो. ज्याच्या पोटरीत गोळा येतो त्यास पाणी हवे असते." माझ्या मते हा भेद फार मोलाचा आहे, जरी तो ऐन वेळी करण्यास सेकंदाचा पाचशेवा भागच मिळत असला तरी.

आता हौशी स्पर्धकांची रीघ लागली होती. आसपासची बिऱ्हाडे रस्त्यावर उतरली होती. कोणी संत्र्याच्या फोडी, कोणी केळी, कोणी चिक्की पुढे करीत होते, आणि एका आजोबांनी तर पितळी थाळी बडविण्याचा सपाटा चालविला होता. इतक्यात पन्नाशीच्या एक बाई आमच्या समोरच थबकल्या. पोटरीत गोळा आला होता. तोंड वेदनेने वाकडे झाले होते, डोळ्यांत पाणी होते. चित्र म्हणून पाहिले तर त्याहून बोलके दुसरे दिवसभरात आले नसते. मी कॅमेरा गळ्यात सोडला व पुढे झालो. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेऊन पाय ताणला, काकांनी पाणी दिले, एका स्वयंसेवकाने औषध फवारले. दोनतीन मिनिटांत गोळा ओसरला.

निघताना त्यांचे लक्ष माझ्या गळ्यातील कॅमेऱ्याकडे गेले. "माझा फोटो काढलास का रे?"

"नाही, बाई."

"अरे, मग एवढा कॅमेरा घेऊन उभा कशाला आहेस? आता काढ!"

त्यांनी छातीवरचा क्रमांक सरळ केला, पदराने पुसावे तसे बाहीने तोंड पुसले, आणि त्या लंगडत लंगडत पण धावतच चढणीस लागल्या. मी घाईने दहा पावले पुढे पळालो, वळलो आणि चित्र घेतले. ते किंचित हलले आहे. काका मागून ओरडत होते, "अरे, सावलीतून बाहेर येऊ दे त्यांना!"