वाट पाहण्याची जाहिरात

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारासाठी साड्यांच्या जाहिराती लिहिण्यात माझी २२ वर्षे गेली. तेथील व्यापाऱ्याला दहा सेकंदांत पदर, काठ, किंमत आणि दुकानाचा पत्ता एवढे सारे हवे असते. म्हणूनच मुंबईच्या एका कार्यशाळेत ‘गिनेस’ या आयरिश बिअरची ‘सर्फर’ ही जाहिरात प्रथम पाहिली, तेव्हा मी थक्क झालो.

१९९९ च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर आलेली ही चित्रफीत कृष्णधवल आहे. काही पुरुष समुद्राकडे टक लावून उभे आहेत. हवी ती लाट येते, ते तिच्यावर झेपावतात आणि फेसातून पांढरे घोडे उसळू लागतात. वॉल्टर क्रेन यांच्या ‘नेपच्यूनचे घोडे’ या चित्रातून ही प्रतिमा आली. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर यांनी लाटा हवाई बेटांवर टिपल्या, घोडे निराळे चित्रित केले आणि संगणकाच्या साहाय्याने दोहोंचा मेळ घातला. २००० साली ब्रिटनमधील एका जनमतकौलात ती सर्वकालीन श्रेष्ठ जाहिरात ठरली. याच ग्लेझर यांच्या चित्रपटाला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले.

मला मोह पडला तो मूळ कल्पनेचा. गिनेसचा पेला दोन टप्प्यांत भरावा लागतो. फेस बसेपर्यंत सुमारे दोन मिनिटे जातात. विक्रीच्या दृष्टीने हा दोषच. वॉल्टर कॅम्पबेल आणि टॉम कार्टी या जोडीने तोच गुण म्हणून मांडला: जो वाट पाहतो, त्याला चांगले लाभते. हाच धागा धरून याच बिअरची पुढे २००५ मध्ये आलेली, उत्क्रांतीचा प्रवास उलटा दाखवणारी जाहिरातही गाजली.

आपल्याकडे केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार मद्याची जाहिरात दाखवता येत नाही आणि गुजरातेत तर राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदीच आहे. तरीही हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला मी ही चित्रफीत दाखवीत आलो. पाहावे ते कौशल्य, विकली जाणारी वस्तू नव्हे, असे त्यांना बजावीत असे.

स्वतःला मात्र ते पूर्णपणे पटवता आले नाही. वडील खानदेशातून येऊन उधन्याच्या एका यंत्रमाग कारखान्यात लागले होते. बंदी असली तरी त्यांना दारू मिळत असे. पगाराच्या दिवशी भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवून आई उंबऱ्यात बसे. वडिलांच्या हातात आम्हा मुलांसाठी सोस्योची बाटली दिसली, की ते सरळ घरी आले आहेत हे आम्हाला कळे. हात रिकामे असले, की आई निमूटपणे उठून आत जाई. वाट तीही पाहत होती.

वडील गेल्यानंतर अनेक वर्षांनी, मी संगणकावर ही चित्रफीत पाहत असताना आई मागे येऊन उभी राहिली. जाहिरात कशाची, हे तिला ठाऊक नव्हते. घोड्यांकडे तिचे फारसे लक्ष गेले नाही. लाटेपुढे उभ्या असलेल्या त्या पुरुषांकडे बोट दाखवून तिने विचारले, “यांच्या घरी ठाऊक आहे का रे, हे कुठं गेलेत ते?”

मी चित्रफीत बंद केली. ती कशाची होती, हे तिला शेवटपर्यंत सांगितले नाही.