तीन सेंटीमीटरची रंगभूषा

हार्लेक्विनची मूर्ती रंगवायला घेतली की मी आधी तिचे पाय बघतो. भार कोणत्या पायावर आहे, कोणता पाय मोकळा आहे, कंबर कुठे वळली आहे आणि खांदे तिच्याबरोबर वळलेत की उलट दिशेला, हे नीट उमजेपर्यंत ब्रश भिजवत नाही. ‘वॉरहॅमर ४०,०००’मधल्या दुसऱ्या कोणत्याही सैन्यासाठी मी इतका वेळ नुसतं बघण्यात घालवत नाही. स्पेस मरीन जाड चिलखतात पाय रोवून उभा असतो. एकाची रंगसंगती ठरली की बाकीची पलटण त्याच वाटेने जाते. तिथलं कसब सातत्याचं. हार्लेक्विनांच्या फडात मात्र दोन वेश सारखे चालत नाहीत, आणि तरीही सगळे एकाच फडाचे दिसावे लागतात.

खेळ ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने १९८७ मध्ये तो आणला. टेबलावर मांडलेली रणभूमी, आपणच जोडलेली आणि रंगवलेली छोटी सैन्यं, मोजपट्टी आणि फासे. काळ एक्केचाळिसाव्या सहस्रकाचा. त्यात एल्डार नावाची अतिप्राचीन जमात आहे. एके काळी आकाशगंगेवर तिचं राज्य होतं. सुखाच्या हव्यासात ती इतकी बुडाली की त्या अतिरेकातूनच स्लानेश ही भयंकर देवता जन्मली, आणि जन्मताच तिने एल्डारांचे बहुतेक देव आणि बहुतेक जमात गिळून टाकली. निसटला तो सेगोराख, हसणारा देव. हार्लेक्विन हे त्याचे उपासक. एल्डारांचे उरलेले गट एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण हार्लेक्विनांना सगळ्यांची दारं उघडी असतात. ते येतात, जमातीच्या नाशाची कथा नाचून दाखवतात आणि निघून जातात. लढायची वेळ आली की तेच नर्तक, त्याच वेशात, त्याच पदन्यासांनी लढतात. नाच कुठे थांबला आणि युद्ध कुठे सुरू झालं, असा प्रश्न त्यांना पडत नाही.

या एका कल्पनेसाठी मी या सैन्याच्या प्रेमात पडलो. धातूतले पहिले हार्लेक्विन १९८८ मध्ये आले, ते जेस गुडविन यांनी घडवलेले. स्वतःचं स्वतंत्र नियमपुस्तक आणि प्लॅस्टिकचा पूर्ण संच मिळायला २०१५ उजाडलं. त्या संचाच्या एका खोक्यात सहा जण असतात, आणि त्यातला क्वचितच कुणी दोन्ही टाचा टेकून उभा असतो.

त्यांच्या अंगावर असतो होलो-सूट. नर्तक हलला की त्याची आकृती रंगांच्या तुकड्यांत फुटते, नेम धरणाऱ्याला नेमकं अंग कुठे आहे ते कळत नाही. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत हे नियमांतही छान उतरलं होतं. साधा हार्लेक्विन अंगाने माणसाइतकाच नाजूक, एका घावात जाणारा. पण फाशावर चार किंवा जास्त पडले की समोरचं शस्त्र कितीही भेदक असो, घाव हुकला. म्हणजे वेशभूषा हेच त्यांचं चिलखत. आता प्लॅस्टिकची मूर्ती काही हलत नाही, झळकत नाही. तीन-साडेतीन सेंटीमीटर उंचीच्या स्थिर अंगावर ती हालचाल आणायची कशी? माझ्या मते याचं उत्तर एकच आहे: पायांवरच्या आणि बाह्यांवरच्या शंकरपाळ्या. पुष्कळ जण त्यांना सजावट समजतात आणि शेवटी, वेळ उरला तर काढतात. मला त्या आराखडा वाटतात. अंग कुठे ताणलंय, कुठे आकसलंय, ते त्या सांगतात.

घरी शंकरपाळे कापताना पोळीवर आधी एका दिशेने तिरक्या रेघा मारतात, मग दुसऱ्या दिशेने. मूर्तीच्या मांडीवरही हाच क्रम. फरक असा की इथली पोळी गोल आहे, वरून रुंद आणि खाली निमुळती. मी आधी पूर्ण पाय हस्तिदंती रंगात घेतो. मग पातळ करड्या तपकिरी रंगाने कंबरेपासून पावलापर्यंत समोरून एक रेघ, मागून एक रेघ. पायाच्या वळणाबरोबर या रेघाही वळतात. नर्तकाने मांडी बाहेर फिरवली असेल तर समोरची रेघ गुडघ्यापाशी बाहेर जाते. त्यानंतर तिरक्या रेघा, पायाभोवती गुंडाळत खाली नेलेल्या. मांडीच्या घेरात जितक्या शंकरपाळ्या बसतात तितक्याच घोट्याच्या घेरातही बसल्या पाहिजेत. संख्या तीच, आकार लहान. खाली जागा कमी पडते म्हणून एखादी गाळली की वेश तिथे तुटतो, आणि का बिघडलंय ते न कळताही बघणाऱ्याला खटकतं.

खरी परीक्षा दुमडलेल्या गुडघ्याची. पाय वाकला की कापड पुढून ताणतं आणि मागून चुरगळतं. म्हणून गुडघ्यावरच्या शंकरपाळ्या लांबट, मागच्या आखूड आणि दाटीने. या एवढ्याशा फरकावर मूर्ती उडी मारतेय की नुसती अडकवून ठेवलीय, ते ठरतं. एकाआड एक शंकरपाळ्या गडद रंगाने भरल्या की सावलीची पाळी. इथे दोन्ही रंगांच्या सावल्या वेगवेगळ्या काढण्यापेक्षा जांभळट तपकिरी रंगाचा अगदी पाणीदार थर पोटरीच्या आतल्या बाजूला, मांडीच्या खाली, दोन्ही रंगांवरून एकसारखा फिरवावा. नक्षी कितीही रेखीव असली तरी पायाची गोलाई तिच्या वर दिसली पाहिजे. उजेडाच्या बाजूने मात्र प्रत्येक शंकरपाळी स्वतंत्रपणे उजळावी लागते. काही चांगले रंगारी दोन रंगांमध्ये काळी बारीक रेघ सोडतात. लांबून ती उठून दिसते हे खरं, पण पाय तुकड्यातुकड्यांचा होतो. मी ती सोडत नाही.

यासाठी केसाएवढा ब्रश लागतो, असं नव्यांना वाटतं. अगदी बारीक ब्रशात रंग राहतो थेंबभर, आणि तो मूर्तीपर्यंत पोहोचेतो टोकावरच सुकतो. कोलिन्स्की सेबलचा एक नंबरचा ब्रश, पोट भरलेलं आणि टोक शाबूत, हा त्यापेक्षा कितीतरी बरा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये तर ॲक्रिलिक रंग बघता बघता वाळतो. ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद आणि त्यावर रंग, असं ओलं पॅलेट नसेल तर ही नक्षी उन्हाळ्यात हातात घेऊच नये. पावसाळ्यात अडचण उलटी: दमट हवेत स्प्रेचा प्रायमर खरखरीत बसतो आणि अशा पृष्ठभागावर रेघ सरळ येत नाही. तेव्हा प्रायमर ब्रशने, दोन पातळ हातांत.

या नक्षीचा इतिहास मला फार भावतो. कोमेदिया देल्लार्ते या इटालियन नाट्यप्रकारातला आर्लेक्कीनो हा बेर्गामोकडचा नोकर, भुकेला, उड्या मारणारा, मालकाला चकवणारा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्रिस्तानो मार्तिनेल्ली या नटाने ही भूमिका गाजवली. तेव्हाच्या वेशावर शंकरपाळ्या नव्हत्या, वेडीवाकडी ठिगळं होती, गरिबाच्या अंगावर असतात तशी. पुढच्या काळात त्या ठिगळांना हळूहळू शिस्त आली आणि त्यांचे नेटके चौकोन झाले. अठराव्या शतकात, १७४० च्या आसपास, जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यात योहान योआखिम केंडलर याने चिनी मातीचे छोटे हार्लेक्विन घडवले. श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलावर ते सजावट म्हणून मांडले जात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात माइसेनच्या अशा मूर्ती आहेत. त्यांच्या विजारींवरच्या नक्षीकडे मी रंगाऱ्याच्या नजरेने बघतो. गुडघ्यापाशी काय करायचं, या प्रश्नाशी तो अनाम कारागीर पावणेतीनशे वर्षांपूर्वी झगडला होता. टेबलावर मांडायचे रंगीत हार्लेक्विन ही कल्पना आपल्या खेळाची नाही, ती तेव्हाची आहे, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

मूर्ती जोडतानाच पवित्रा ठरतो, आणि त्या बाबतीत माझी नजर घडवली ती आजोळच्या दशावताराने. मालवणकडच्या जत्रांतल्या त्या रात्रभराच्या प्रयोगांत नट आपली रंगभूषा आपणच करतात, संवाद लिहिलेले नसतात, आणि युद्ध पखवाजावर नाचून होतं. तिथे तलवार लागते तो क्षण महत्त्वाचा नसतोच. त्याच्या आधी नट पूर्ण अंग उघडून, तोल एका पायावर घेऊन थांबतो. सगळी जत्रा बघते ती तेवढं. हार्लेक्विन जोडताना मी तोच क्षण शोधतो. वार लागलेला हात मूर्तीत मेल्यासारखा दिसतो, उगारलेला हात जिवंत दिसतो. अर्थात एका चवड्यावर उभी मूर्ती नुसत्या गोंदाने टिकत नाही. पावलात बारीक भोक पाडून पितळी तार घालावी आणि ती बेसमध्ये खोल उतरवावी, नाहीतर पहिल्याच प्रवासात ती निखळते.

मुखवटे हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग. कथेनुसार हार्लेक्विनचा मुखवटा क्षणोक्षणी बदलतो, समोरच्याला त्यात स्वतःचीच भीती दिसते. रंगाऱ्याला मात्र एकच भाव निवडावा लागतो. मुखवटा त्वचेसारखा रंगवायचा मोह टाळला पाहिजे. गालांवर मऊ छटा चढवत गेलं की तो चेहरा होतो आणि खेळ संपतो. मुखवट्याचा उजेड कडक हवा: कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर नेमका, आणि लगेच सावली. शॅडोसीअर ही त्यांची सूत्रधार, नाटकात नियतीची भूमिका तिची. तिच्या मुखवट्याला नाक-डोळेच नाहीत, तो निव्वळ आरसा. तो चंदेरी रंगाने रंगवला तर डबा दिसतो. मी त्यात आभाळ आणि जमीन काढतो: वर फिकट निळं, खाली जाताना पांढरं, मध्ये एक गडद क्षितिजरेषा, त्याखाली मातीचा तपकिरी. डेथ जेस्टर हा मृत्यूची भूमिका करणारा, कवटीचा मुखवटा आणि हाडांनी सजलेला वेश. त्याच्यावर मी शंकरपाळ्या अगदी कमी ठेवतो, कारण तो फारसा नाचत नाही. तो दूर उभा राहून मोठी तोफ चालवतो, आणि त्याच्या स्थिरपणामुळे बाकीच्यांचं नाचणं वाढतं.

इतके वेगळे वेश एकत्र कसे ठेवायचे, हा प्रश्न शेवटपर्यंत सोबत असतो. मी रंग मोकळे सोडतो, पण एक गोष्ट बांधून घेतो. माझ्या फडात ती म्हणजे हस्तिदंती. कुणाच्या विजारीत, कुणाच्या बाहीत, कुणाच्या नुसत्या मुखवट्यात, पण ती प्रत्येकावर कुठेतरी आहेच, आणि सगळ्यांची सावली त्याच जांभळट तपकिरी पाण्याची आहे. नाटकाच्या रंगभूषेला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावं लागतं. इथे शेवटची रांग म्हणजे टेबलापलीकडचा खेळाडू, हातभर लांब. त्याला शंकरपाळ्या मोजता येत नाहीत. त्याला दिसते ती उजेड-सावलीची उघडझाप. म्हणून नारिंगी आणि निळा अशी रंगांची भांडणं लावण्यापेक्षा एक रंग खूप फिकट आणि शेजारचा खूप गडद असणं जास्त मोलाचं.

आणि मग उरतो सॉलिटेर. जमातीच्या नाशाच्या त्या नाचात स्लानेशची भूमिका फक्त तोच करू शकतो. दुसऱ्या कुणी केली तर तो वेडा होतो, असं कथा सांगते. बाकीच्या हार्लेक्विनांचे आत्मे मरणानंतर सेगोराखकडे जातात, याचा मात्र स्लानेशला वाहिलेला. तो एकटा राहतो, एकटा भटकतो, विधीपुरतंच बोलतो. ती नाटिका करायची असेल किंवा युद्ध असेल तेव्हाच फडात येतो. माझे काही खेळगडी त्याला गुलाबी-जांभळ्यात रंगवतात, स्लानेशच्या सैन्याचे ते जुने रंग म्हणून. मला ते पटत नाही. ही देवता तो स्वतः नव्हे, ती त्याची भूमिका आहे, आणि ती तो स्वतःच्या देवासाठी पत्करतो. म्हणून मी त्याला फडाचेच सगळे रंग देतो, प्रत्येकाकडून एकेक उचललेला, नक्षी सर्वांत बारीक, पाय सर्वांत ताणलेले. फक्त हस्तिदंती देत नाही. तिच्या जागी निळसर झाक असलेला थंड पांढरा. जवळून बघितलं तर फरक जेमतेम कळतो, पण बाकीच्यांच्या मध्ये ठेवला की तो लगेच वेगळा पडतो. याला खेळातलंही कारण आहे. एका लढाईत एकदाच तो ‘ब्लिट्झ’ करतो, त्या एका फेरीत टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाकडे झेपावतो आणि एरवीपेक्षा जास्त वार करतो. तो कुठे उभा आहे, हे समोरच्या खेळाडूला पहिल्या फेरीपासून दिसत राहिलं पाहिजे.