आमच्या हातचे गोड

आम्ही दोघी जावा. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळ राहतो. एक अंगणवाडीत मदतनीस आहे, दुसरी घरी शिवणकाम करते. आमच्यासारख्यांना कसला आला छंद, असे वाचक भगिनी म्हणतील. पण गेली दोन वर्षे आम्हाला जपानी गोड पदार्थ करून पाहण्याचा नाद लागला आहे. त्यावरून आमच्या घरात जी चर्चा झाली, ती इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवात पोरांनी केली. टीव्हीवरचा डोरेमॉन 'डोराकेक' खातो, तोच आम्हाला पाहिजे, असा हट्ट. त्याचे खरे नाव दोरायाकी. दोन छोट्या गोड धिरड्यांच्या मध्ये अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे गोड सारण. 'दोरा' म्हणजे घणघण वाजणारी धातूची थाळी. आकारावरून हे नाव पडले. अझुकी इकडे मिळेना, म्हणून तिच्याच कुळातली चवळी घेतली. पहिल्या उकळीचे पाणी टाकून द्यायचे, म्हणजे तुरटपणा जातो. दाणा मऊ शिजल्यावरच साखर घालायची; आधी घातली तर दाणा कडक राहतो. पुरण वाटणाऱ्या हातांना हे शिकवावे लागले नाही.

मग आम्ही मोबाइलवर पाहून एकेक पदार्थ करू लागलो. योकान नावाची वडी केली. या शब्दाचा मूळ अर्थ मेंढीच्या मांसाचा रस्सा! पदार्थ चीनमधून आला. मांस न खाणाऱ्या झेन भिक्खूंनी त्यात मांसाऐवजी कडधान्य घातले आणि पुढे त्याची चायना ग्रासने थिजवलेली गोड वडी झाली.

तिसरा पदार्थ ओहागी. चिकट तांदळाचा भात अर्धवट कुटायचा, त्याचे लांबट गोळे करायचे आणि वरून गोड सारणाचा थर द्यायचा. काही गोळे तिळात, काही भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवायचे. जपानी चिकट तांदूळ आपल्या बाजारात नाही, म्हणून इंद्रायणी घेतला. पहिल्यांदा भात मिक्सरमध्ये फिरवला, तर खळ झाली! दुसऱ्या वेळी उखळात मुसळाने हलकेच कुटला, हात मिठाच्या पाण्यात बुडवून गोळे वळले, तेव्हा जमले.

ताट भरून ठेवले आणि आमचे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ते ताटाकडे बघत उभे राहिले. 'हे कधी करतात तिकडे?' त्यांनी विचारले. आम्ही वाचले होते तसे सांगितले. मार्च आणि सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात, तेव्हा जपानी बौद्ध सात दिवस 'हिगान' पाळतात. हिगान म्हणजे पैलतीर. त्या दिवसांत पूर्वजांची आठवण काढून ओहागी ठेवतात.

मामा म्हणाले, 'म्हणजे पिंडच की! माझ्या बापानं जे सोडलं, ते तुम्ही जपानच्या वाटेनं घरात आणता का?'

आम्हाला उत्तर सुचले नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी सहावीच श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. भाताचा गोळा, मेलेल्यांची आठवण, तोही सप्टेंबरात. मामांचे काही चुकत नव्हते. बौद्ध देशात चालते म्हणून ते धम्माचे, असेही म्हणता येईना. त्याच जपानात कातड्याचे आणि खाटकाचे काम करणाऱ्यांना शेकडो वर्षे अस्पृश्य मानले. 1871 मध्ये कायद्याने तो भेद रद्द केला, तरी हक्कासाठी त्यांना 1922 मध्ये 'सुइहेइशा' ही संघटना काढावी लागली. तेव्हा कुठलीही गोष्ट पारखूनच घ्यावी, हाच तथागतांचा मार्ग.

वाद मिटवला आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सांगू लागल्या. त्यांच्या लहानपणी गोड म्हणजे मोठ्या घरच्या लग्नानंतर आलेले उरलेसुरले. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला शिळे-उष्टे सोडा म्हणून सांगितले. आत्याबाईंच्या माहेरी ते उमगायला धम्मदीक्षा उजाडावी लागली. त्या दिवसापासून त्यांच्या वडिलांनी ते अन्न उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. मग कित्येक वर्षे गोड म्हणजे गुळाचा खडा. ज्या जिल्ह्यात 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच जिल्ह्यात ऊस तोडून आत्याबाईंचे हात कापले, पण घरात साखर चमच्यानेच मोजली गेली.

'हे कुणाच्या ताटातलं उरलेलं नाही,' त्या म्हणाल्या. 'मेलेल्याच्या नावानं ठेवला तर पिंड. जित्या पोराच्या हातावर ठेवला तर खाऊ.'

आणि त्यांनी पहिला गोळा धाकट्या नातीच्या हातावर ठेवला.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम ठरला. सप्टेंबरात ओहागी करायची नाही आणि कुणाच्या फोटोपुढे ठेवायची नाही. गेल्या 14 ऑक्टोबरला दोन वाट्या इंद्रायणी, एक वाटी चवळी, पाऊण वाटी साखर आणि चिमूटभर मीठ, या मापाच्या चार पट घेऊन केली आणि वंदना झाल्यावर विहारात वाटली. आत्याबाई स्वतः ताट घेऊन फिरल्या. पूर्वजांची आठवण म्हणाल, तर ती त्यांच्या चालण्यातच होती.

मामांनी तिळाचा गोळा उचलला. खाऊन झाल्यावर 'पुढच्या वेळी गूळ घाला,' एवढेच म्हणाले.

जय भीम!